घर सत्तरीतलं, नावं नऊ

वाचकाचं पत्र

आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले, ठाण्यात राहतो. नोकऱ्या संपल्या की कोकणात जाऊन राहायचं असं मनात आहे. जानेवारीत लांजा तालुक्यात एक घर पाहिलं. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू, 1950 च्या सुमाराचं. पुढे ओटी-पडवी, मागे विहीर, जागा 34 गुंठे, हापूसची 11 कलमं. मालक मुंबईत असतात आणि घर सहा-सात वर्षं बंदच आहे. 48 लाख सांगतात. सातबारावर नऊ नावं आहेत, पण ‘सगळे सह्या करतील’ असं एजंट म्हणतो आणि दोन लाख विसार लगेच द्या म्हणून मागे लागला आहे. मालकांची एक अट आहे, गणपती दरवर्षी याच घरात आणणार. मिस्टरांना घर पाहताक्षणी आवडलं. मला मात्र भीती वाटते. इतक्या जुन्या घरात पैसे घालावेत, की ते पाडून नवं बांधावं? मिस्टरांचं नाव जावळी तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीला लागलेलं आहे. हे घर आम्हाला दोघांच्या नावे घ्यायचं आहे.
— एक वाचक, ठाणे

सल्ला

ताई, विसार देऊ नका. निदान अजून नको. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, हे एजंटांचं पाठ केलेलं वाक्य असतं. सहा-सात वर्षं कुलूप असलेलं घर आणखी चार महिने कुठे जात नाही. आणि गेलंच, तर नऊ नावांचं लचांड दुसऱ्याच्या गळ्यात गेलं असं समजा.

तुम्ही घाबरताय घराच्या वयाला. माझ्या मते ती भीती चुकीच्या जागी आहे. नीट बांधलेलं चिऱ्याचं घर सत्तरीत म्हातारं होत नाही, आणि त्याचे दोष डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात, पैसे टाकले की दुरुस्त होतात. कागदातला दोष दिसत नाही आणि पैशाने सहजी सुटतही नाही. म्हणून आधी कागद.

मुळात हे घर कशावर उभं आहे ते पाहा. कोकणातली वस्ती वाड्यावाड्यांची, विखुरलेली. बरीचशी घरं गावठाणात नसून सातबाराच्या जमिनीतच आहेत. तुमच्या पत्रावरून हेही तसंच दिसतं. एजंट तुम्हाला ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा दाखवेल, घरपट्टीच्या पावत्या दाखवेल. ते सगळं हवंच, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. मालकी शोधायची ती सातबारा, त्यावरचे फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) आणि जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं यांतून. आजचा डिजिटल सातबारा पुरत नाही. हस्तलिखित जुने सातबारे आणि फेरफार 1950 च्या दशकापर्यंत मागे जाऊन काढायला सांगा. कूळकायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या हक्कांच्या कायद्याच्या, सगळ्या भानगडी त्याच काळातल्या आहेत. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. ‘इतर हक्क’ या रकान्यात एखाद्या कुळाचं नाव, कूळकायद्याच्या कलम 43 चा विक्रीवरच्या बंधनाचा शेरा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा असं काही आहे का ते बघा. भोगवटादार वर्ग 2 (अटींवर मिळालेली जमीन) असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही, आणि ती परवानगी ‘मिळून जाईल’ यावर एक रुपयाही देऊ नका.

जमीन शेतीची असेल, तर घेणारा शेतकरी लागतो. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतलीच, तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. मिस्टरांचं नाव जावळीच्या सातबारावर आहे ही जमेची बाजू. त्यांचा शेतकरी असल्याचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. तुमचं स्वतःचं नाव मात्र कुठल्याच सातबारावर नसेल, तर दोघांच्या नावे खरेदी करायची की नाही हे वकिलाकडून पक्कं करून घ्या. एजंटाचं मत त्यात धरू नका. आणखी एक, शेतीच्या सातबारावरच्या घराला बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. पत्रात कर्जाचा उल्लेख नाही, तरी हिशेबात तो पर्याय धरला असेल तर तो सोडून द्या.

आता ती नऊ नावं. सातबारा घेऊन एकेका नावासमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे त्या एका नावामागे आणखी माणसं उभी आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाच्या वतीने पाहणारा. ती नोंद 1980 ची असेल तर त्या वेळचं ते मूल आज नातवंडांचं झालं असेल, सही त्याची हवी, पालनकर्त्याची नाही. कोणी मयत असेल तर वारस लागले आहेत का? सरकारने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. गेलेल्या माणसांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात. शेवटी विचारायचा तो प्रश्न बहिणींचा. कोकणात अजूनही ‘बहिणींचं काही म्हणणं नाही’ असं सहज सांगून टाकतात. सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असं होत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. त्यांनी हक्क सोडला असेल तर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं. साध्या कागदावरचं संमतीपत्र चालणार नाही.

एजंटाला एवढंच सांगा: एका कागदावर पूर्ण वंशावळ काढून द्या, मूळ पुरुषापासून. जिवंत कोण, मयत कोण, कोण कुठे राहतं. ज्या दिवशी तो कागद तुमच्या हातात येईल त्या दिवशी नऊ नावांची माणसं किती झाली ते कळेल. वीस झाली तर दचकू नका, ते नेहमीचंच आहे. त्यातला एक जण परदेशात निघतो, एकाचं भावाशी बोलणं नसतं. परदेशातल्याचं मुखत्यारपत्र रीतसर आहे का आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलाय का, ते वकील बघतील.

‘सात जण तयार आहेत, तेवढ्यांचा हिस्सा घेऊन ठेवा, बाकीचे येतील मागून’ असंही कोणी सुचवेल. ते अजिबात करू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे, राहत्या घरातला अविभक्त हिस्सा कुटुंबाबाहेरच्या माणसाने विकत घेतला तरी त्याला घराचा एकत्र ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे पूर्ण भरून तुम्ही ओटीवर पाहुणे, आणि पुढे वाटपाचा दावा.

कागद ठीक निघाले तर जागेची मोजणी. तुम्हाला गडगा (दगडी कुंपण) दाखवून ‘ही आपली हद्द’ असं सांगितलं असणार. गडगा कोणी, कधी, कोणाशी भांडून घातला हे देवच जाणे. भूमी अभिलेख कार्यालयातून ‘हद्द कायम’ मोजणी, म्हणजे सीमा पक्क्या करणारी, करून घ्यायची. अर्ज जमीनमालकालाच करावा लागतो, त्यामुळे ती त्यांनी करून क-प्रत (मोजणीचा अधिकृत) नकाशा द्यावा अशी अट घाला. फी तुम्ही भरा हवी तर, पण खुणा तुमच्यासमोर आणि शेजाऱ्यांसमोर गाडल्या जाऊ देत. मोजणी का, तर हिशेब करा. 34 गुंठ्यांना 48 लाख म्हणजे गुंठ्याला साधारण 1 लाख 41 हजार. मोजणीत ताब्यातली जागा 27 गुंठेच निघाली तर तोच भाव 1 लाख 78 हजारांवर जातो. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, 34 गुंठे म्हणजे सुमारे 34.4 आर. त्यातलं पोटखराब (लागवडीला न येणारं) किती, तेही त्याच पानावर दिसेल. मोजणीच्या वेळी शेजारी काय कुरकुर करतात ते कान देऊन ऐका. पुढच्या वीस वर्षांचे वाद त्या दिवशी फुकट ऐकायला मिळतात.

घरापर्यंत जाणारी वाट कशी आहे तेही बघा. पत्रात तुम्ही गाडी कुठपर्यंत गेली ते लिहिलेलं नाही. घरापर्यंत पाखाडीच (पायऱ्यांची पायवाट) असेल, तर चिरे, वाळू, पत्रे सगळं डोक्यावरून न्यायचं आणि मजुरी वाढणार. पुढे गुडघे दुखायला लागल्यावर तीच पाखाडी रोज चढायची. आणि वाट दुसऱ्याच्या सातबारातून जात असेल, तर ‘आम्ही पिढ्यानपिढ्या जातो’ एवढ्यावर समाधान मानू नका. तो हक्क कागदावर आहे का ते पाहा.

विहीर तुम्ही जानेवारीत पाहिलीत. जानेवारीत कोकणातली प्रत्येक विहीर भरलेलीच असते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जा, पोहरा सोडा आणि दोर किती भिजतो ते बघा. पाणी किती तासांत पुन्हा चढतं ते शेजारणीला विचारा, तिला घड्याळ न बघता माहीत असतं. विहीर नक्की तुमच्याच गटात आहे का आणि त्यावर आणखी कोणाचं पाणी आहे का, हेही तिच्याकडूनच कळेल. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे ते पावलांनी मोजून घ्या. जवळ असेल तर तो हलवण्याचा खर्च धरा.

जुलैमध्ये आणखी एकदा जा. भर पावसात, छत्री घेऊन, एजंटाशिवाय. घराच्या मागे डोंगर कापून जागा सपाट केली आहे का? वरून पऱ्या (ओढा) कुठून उतरतो? 2021 च्या जुलैमध्ये महाड तालुक्यातलं तळीये आणि खेड तालुक्यातलं पोसरे इथे दरडी कोसळून वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या, ते विसरण्याजोगं नाही. मागच्या कापात ताजी लाल माती घसरलेली दिसली, झाडं वाकडी झालेली दिसली, किंवा पावसात मधूनच गढूळ पाणी फुटत असेल, तर घर कितीही सुंदर असो, सोडून द्या. माझ्या हिशेबी या एका गोष्टीला तडजोड नाही.

आणि आता घर. खरं तर मलाही हाच भाग आवडतो.

खळ्यात (अंगणात) उभ्या राहा आणि आढ्याकडे, छपराच्या सगळ्यात वरच्या कण्याकडे, पाहा. सरळ रेषेत आहे का मधेच झोळ पडलाय? झोळ म्हणजे खालचा वासा नाहीतर तुळई थकली आहे. मग आत जाऊन माळ्यावर चढा, टॉर्च आणि एक स्क्रू-ड्रायव्हर बरोबर ठेवा. लाकूड सडतं ते दोन ठिकाणी आधी: वळचणीकडे, जिथे वाशांची टोकं पावसात भिजतात, आणि तुळईचं टोक भिंतीत गेलेलं असतं तिथे. त्या जागी स्क्रू-ड्रायव्हर टोचा. साग किंवा फणसाचं चांगलं लाकूड टोक घेत नाही. किडलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं जातं. बाजूने पिवळसर पीठ गळालेलं दिसलं तर भुंगा लागलाय. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. बंद घरात हे दोन्ही जास्त, कारण पूर्वी चुलीचा धूर रोज माळ्यावर जायचा आणि त्याने लाकूड टिकायचं. सहा-सात वर्षं चूल पेटलेली नाही. सगळे वासे मोजा, किती बदलावे लागतील ते सुताराला बरोबर नेऊन ठरवा. जवळच्या गावातला म्हातारा सुतार मिळाला तर ठाण्याहून नेलेल्या इंजिनिअरपेक्षा तो जास्त सांगेल. (इंजिनिअर मंडळी रागावतील. रागावू देत.)

कौलं मंगलोरी आहेत का? एक कौल काढून मागची बाजू बघा, कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतीलच असं नाही. त्यामुळे फुटलेल्या कौलांच्या जागी कुठलंही कौल चालत नाही, आणि जुन्या मापाचं कौल शोधत फिरावं लागतं. कौलं फुटतात ती बहुतेक माकडांमुळे. लांज्याकडे माकडांचा त्रास आहेच, आणि त्याला कंटाळून लोक कौलं काढून पत्रे घालतात. दर उन्हाळ्यात शाकारणी (कौलं काढून पुन्हा नीट बसवणं) करायची तयारी नसेल, तर तुम्हीही शेवटी पत्र्याकडेच जाल. मग ‘कौलारू घर’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

भिंतींचं सांगायचं तर पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाजूने जोत्याजवळ (घराच्या चौथऱ्याजवळ) खाली वाका. पाऊस झोडपतो तो याच बाजूने. पूर्वी इथे पावसाळ्यात माडाची झापं बांधायचे, ती प्रथा बंद पडली की भिंत भिजते. जोत्यापाशी चिऱ्याचा भुगा पडतोय का, पागोळ्यांनी खालची माती उकरली आहे का, ते बघा. त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी ‘मजबुती’साठी चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचं प्लॅस्टर केलेलं असणं. चिरा सच्छिद्र दगड आहे, पाणी घेतो आणि सोडतो. सिमेंटने त्याचं तोंड बंद केलं की ओल आतच अडकते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. हाताच्या मुठीने प्लॅस्टर ठोकत जा, पोकळ आवाज येईल तिथे खूण करा. नुकताच रंग दिलेला कोपरा दिसला तर जास्त संशय घ्या.

मागच्या बाजूला नंतर जोडलेलं स्लॅबचं न्हाणीघर-संडास असेलच. जुनी चिऱ्याची भिंत आणि नवा स्लॅब जिथे भेटतात तिथे पाणी हमखास उतरतं. दरवाजांच्या चौकटींवरून तिरके तडे गेले असतील तर त्यात कोळिष्टकं आहेत का बघा, असली तर तडा जुना. ताजा वाटला तर त्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवून ठेवा, पावसाळ्यानंतर ती फाटली असेल तर भिंत अजून हलते आहे. वायरिंग लाकडी पट्ट्यांतलं जुनं असेल तर ते सरसकट बदलायचं धरून चाला, अर्थिंगसकट. वीजमीटर कोणाच्या नावावर आहे तेही पाहून ठेवा. बहुधा आजोबांच्या.

तेव्हा पाडायचं का? नाही, लाकूड पार गेलं असल्याशिवाय नाही. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत तो कडक होतो. सत्तर वर्षं कडक झालेल्या चिऱ्याच्या जाड भिंती तुम्हाला फुकट मिळताहेत. मेमध्ये त्या घरात पंख्याशिवाय बसता येईल, नव्या स्लॅबच्या घरात येणार नाही. छप्पर उतरवून नव्या लाकडावर पुन्हा घालणं, जोत्याभोवती गटार, सिमेंट खरवडून चुना, नवी वायरिंग, एक चांगलं न्हाणीघर. एवढ्याचा अंदाज स्थानिक गवंड्याकडून लेखी घ्या आणि वर वीस-पंचवीस टक्के धरा. जुनं घर उघडल्यावर काहीतरी निघतंच.

कलमांबद्दल थोडं. 11 कलमांचा आंबा गेली काही वर्षं कोणी नेला? मालक मुंबईत, म्हणजे कलमं कोणाला तरी कराराने दिलेली असणार. करार कधीपर्यंत आहे ते लेखी मागा, नाहीतर तुमच्या पहिल्या एप्रिलमध्ये दुसराच माणूस आंबे उतरवायचा झेला घेऊन येईल. कराराने घेणारे दरवर्षी आंबा यावा म्हणून कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) भरपूर ओततात, आणि मालकाचं लक्ष नसेल तर झाडं काही वर्षांत थकतात. नव्या फुटी आखूड, गुच्छासारख्या दिसल्या तर समजा. अशा कलमांचे ‘उत्पन्नाचे’ पैसे देऊ नका. तोडायची म्हटली तरी आंबा आणि साग यांना वनखात्याची किंवा महसुलाची परवानगी लागते. 34 गुंठ्यांत दिवाळीनंतर गवत कंबरेएवढं होतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा येतो. दरवर्षी ग्रासकटरवाला, जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून ठेवलेला पट्टा), एक राखणीचा गडी हा खर्च आंब्याच्या उत्पन्नातून निघत नाही. तो तुमच्या पेन्शनमधून जाणार आहे, हे दोघांनी बसून कागदावर मांडा.

किंमत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या रेडी रेकनरमध्ये (सरकारी दरपत्रकात) त्या गावचा दर पाहा. तो बाजारभाव नव्हे, पण तळ कळतो. मग गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्याच वाडीत झालेली एक-दोन खरेदीखतं शोधा, ऑनलाइन सर्चमधून मिळतात. जमिनीचा भाव त्यावरून काढा, घराला लाकडाच्या दर्जाप्रमाणे थोडं वर द्या, आणि त्यातून दुरुस्तीचा लेखी अंदाज वजा करा. 48 च्या जवळ आकडा आला तर बोला, 35 च्या जवळ आला तर तोच सांगा आणि गप्प बसा. सगळं पटलं की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, त्यानंतर नोंदणीकृत साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार. विसार द्यायचाच तर त्या साठेखतात, सर्व हिस्सेदारांच्या सह्यांवर, बँकेतून. मोजणी आणि राहिलेल्या वारस नोंदी पूर्ण झाल्यावरच बाकीची रक्कम, अशी अट त्यात हवी.

गणपतीचं तेवढं राहिलं. मूळ घर विकताना माणसांचा जीव तिथे अडकतो, त्यात गैर काही नाही. पण ‘दरवर्षी, कायम’ हे मान्य करू नका. खरेदीखतात असा शब्द गेला की तो तुमच्या घरावरचा हक्क होऊन बसतो, आणि उद्या त्यांच्या मुलांनी पन्नास माणसं आणली तरी तुम्हाला तोंड उघडता येणार नाही. त्यांच्याकडच्या सगळ्यात मोठ्या व्यक्तीशी, म्हणजे त्या घरात लग्न होऊन आलेल्या काकी किंवा आजी असतील त्यांच्याशी, तुम्ही स्वतः बोला. एजंट मध्ये नको. त्यांना सांगा: ‘पहिली दोन-तीन वर्षं गणपती इथे आणा, आम्ही आहोतच, आरतीला बसू. तोवर तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी गणपती नेण्याचं ठरवा.’ हे वेगळ्या साध्या पत्रावर लिहून द्या, परवानगी म्हणून, मुदत घालून. याला ते तयार नसतील, तर वंशावळीचा कागद मागायचीही घाई करू नका. घर विकायचं का, हे त्यांचंच अजून ठरलेलं नाही.